आईलाही एक आई असते: किशोर कादंबऱ्यांतल्या भांडणाऱ्या मायलेकी

शेवंता_वाचते (धागाकर्ती)

भाचीच्या निमित्ताने सध्या पंधरा ते अठरा वयाच्या मुलींसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचते आहे. मी तिच्यावर पाळत ठेवायला वाचते असा तिचा ठाम समज आहे. खरं म्हणजे आता मलाच चटक लागली आहे. या पुस्तकांत प्रेमप्रकरणं, शाळा, मैत्रिणींचे रुसवेफुगवे सगळं असतं, पण मला धरून ठेवतं ते घरातलं भांडण. आई आणि मुलगी. आणि भांडण चांगलं तापलं की मागून आजी येते, कधी चालतीबोलती, कधी नुसती जुन्या गोष्टीतून. त्यावर बोलायला हा धागा. कथानकं फुटणार आहेत, ज्यांना ते चालत नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

सुरुवात जुन्या पुस्तकापासून करते. जमैका किंकेडची 'ॲनी जॉन', १९८५ ची. किशोरांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण नायिका दहा वर्षांची असताना सुरू होते आणि सतराव्या वर्षी संपते, आणि शाळा-कॉलेजांत शिकवलीही जाते. जागा कॅरिबियनमधलं अँटिग्वा बेट, इंग्रजांच्या अमलातलं.

ॲनी आणि तिची आई एकाच कापडातले कपडे घालत. बारावं लागल्यावर एक दिवस ॲनी एक कापड दाखवून म्हणते, हे आपल्या दोघींना घेऊ. आई म्हणते, आता पुरे, जन्मभर माझी छोटी प्रत होऊन हिंडायचं नाही. बस, एवढंच. मारणं नाही, ओरडणं नाही. आई म्हणून चूकही नाही! पण ॲनीला ते घराबाहेर काढल्यासारखं लागतं आणि पुढचं सगळं पुस्तक त्या एका वाक्याच्या रागावर चालतं.

आता मागची पिढी. ही आई स्वतः सोळाव्या वर्षी बापाशी भांडून डॉमिनिका बेटावरचं घर सोडून बोटीने अँटिग्वाला आलेली आहे, एक ट्रंक घेऊन. त्या ट्रंकेत आता ॲनीची बाळपणीची झबली, पायमोजे वगैरे ठेवलेत. आई अधूनमधून ती उघडून एकेक वस्तू काढते आणि तिची गोष्ट सांगते. लहानपणी ॲनीला याहून मोठं सुख नाही. आणि मग किशोरवयात एक भयंकर भांडण होतं. रस्त्यात मुलांशी बोललीस म्हणून आई तिला नको ते बोलते आणि ॲनी उलट तोंडावर 'खाण तशी माती' या अर्थाचं ऐकवते. त्यानंतर बाप, जो सुतार आहे, विचारतो, तुला काय करून देऊ? ॲनी म्हणते, माझी स्वतःची ट्रंक. मला हे वाचताना काटा आला. आईचं बंड मुलगी आईविरुद्धच वापरते, आणि सामानसुद्धा तेच.

दुसरी एक गोष्ट फार लोकांच्या नजरेतून सुटते. डॉमिनिकाहून पत्र येतं की आजोबांचे हातपाय आता धड चालत नाहीत. आई हसते आणि बापाबद्दल एक कडवट टोमणा मारते, की झालं, थोर पुरुषाला आता मनात आलं की उठून चालू पडता येत नाही. ॲनी तो लक्षात ठेवते आणि शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात बेड्या घातलेल्या कोलंबसाच्या चित्राखाली तोच टोमणा लिहून ठेवते. शिक्षा होते, मिल्टनच्या महाकाव्याचे दोन सर्ग उतरवून काढायची. आईने बापाविरुद्ध जपून ठेवलेला राग मुलीच्या हातात आल्यावर थेट साम्राज्याच्या अंगावर जातो. आणि ती बिचारी घरी येते आईकडून माया मिळेल म्हणून, तर तिथे आई तिला न आवडणारं ब्रेडफ्रूट भाताचं सोंग देऊन खाऊ घालते.

पुढे ॲनी लांबलचक आजारी पडते, पाऊस थांबत नाही, आणि आजी येते. मा चेस. ज्या दिवशी बोट येत नाही अशा दिवशी. ती काही सांगत नाही, समजावत नाही, तुझ्या आईवर काय काय गुदरलं ते ऐक असं म्हणत नाही. नातीला कुशीत घेऊन पडून राहते, भरवते. बरी झालेली ॲनी शेवटी इंग्लंडला नर्सिंग शिकायला निघते तेव्हा आईबद्दलचा राग जिथल्या तिथे असतो. समेट नाही.

आता याच्या शेजारी एरिका सांचेझची 'आय ॲम नॉट युवर परफेक्ट मेक्सिकन डॉटर' (२०१७) ठेवा. शिकागो. ज्युलिया पंधराची. मोठी बहीण ओल्गा ट्रकखाली गेली आहे. ओल्गा म्हणजे घरातली गुणी मुलगी, आणि उरली ही, तोंडाळ, लेखिका व्हायचं म्हणणारी. आई लोकांची घरं साफ करते, खोल्या उचकते, आणि ओल्गाचा पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा राहून गेला म्हणून ज्युलियाचा तो उशिराने, तिला नको असताना, कर्ज काढल्यासारखा साजरा करते. ज्युलिया मरायचा प्रयत्न करते, त्यानंतर तिला मेक्सिकोला आजीकडे पाठवतात. तिथे तिला कळतं की सीमा ओलांडताना आईवर बलात्कार झाला होता.

माझी अडचण इथे सुरू होते. हल्लीच्या पुष्कळ पुस्तकांत हा साचाच झाला आहे. आई असह्य, मग आजोळी प्रवास, मग गुपित, मग मुलीचे डोळे पाणावतात आणि सगळे हिशेब चुकते. आईचं दुःख कळलं म्हणजे आईने मला जे केलं ते फिटलं, असं ही पुस्तकं पोरींना हळूच शिकवतात का? सांचेझच्या पुस्तकाला मी या साच्यात पूर्ण बसवत नाही, कारण तिथे एक वेगळीच गोम आहे. ओल्गाचे एका विवाहित माणसाशी संबंध होते आणि मरताना तिला दिवस गेले होते, हे ज्युलिया शोधून काढते आणि आईवडिलांना सांगायचं नाही असं ठरवते. म्हणजे आईला समजून घेतल्यावर ती पहिली गोष्ट काय शिकते, तर आईसारखं गप्प बसायला! लेखिकेला हे ठाऊक आहे असं मला वाटतं. म्हणूनच ते पुस्तक चांगलं आहे.

तुम्ही काय वाचलंय? आणि तुमचं मत काय, आजीची गोष्ट ही चावी आहे की पळवाट?

---

तिरफळ

सुरेख धागा. ट्रंकेचं वाचून पुस्तक मागवलं. बाकी नंतर सविस्तर लिहिते, आत्ता पोहच समज.

---

नर्मदाकाठ

शेवंता, छान लिहिलंयस, पण मला एक विचारू दे. या सगळ्या पुस्तकांत बाप काय करत असतो? माझ्या दोन मुली मोठ्या झाल्या, आता त्यांच्या मुली या वयात आल्यात. मी जे बघितलं ते असं, की सातच्या आत घरात, हे घालू नको, ते बोलू नको, हे नियम आई करत नाही. ते घराचे असतात, जातीचे असतात, शेजारपाजारचे असतात. राबवायचं काम मात्र आईच्या गळ्यात. मग मुलीचा राग कोणावर निघणार? जी समोर आहे तिच्यावर. बाप संध्याकाळी येऊन 'काय गं, का रडतेस' विचारतो आणि लाडका होतो.

---

शेवंता_वाचते

नर्मदाताई, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. ॲनीचा बाप बघा. त्याची आधीची बायकांची प्रकरणं, त्यांची मुलं गावात आहेत, त्या बायका ॲनीच्या आईला त्रास देतात. पण ॲनीचा राग? आईवर. बाप ट्रंक करून देतो आणि सुटतो. ज्युलियाचा बाप कारखान्यातून येतो आणि घरात असून नसल्यासारखा असतो. या गप्प बापांवर कोणी कादंबरी लिहिली तर मी पहिली वाचक.

---

घाटावरचा

आमच्याकडे 'श्यामची आई' आहे की. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. त्यात आई मारतेही, पोहायला जात नाही म्हणून झोडपते, पण मुलाला राग नाही येत. हे परदेशी लोक जरा जास्तच आईच्या मागे लागतात असं नाही वाटत? :)

---

काजवा

घाटावरचेकाका, पण तो श्याम आहे. शामला असती तर?

तुम्हीच बघा ना, मराठीत आईवर जे जे गहिवरून लिहिलं गेलं त्यात गहिवरणारा बहुतेक वेळा मुलगा असतो. मुलगा मोठा होऊन बाहेर जातो, आई मागे राहते, मग आठवण येते. मुलीला आठवण यायला आई मागे राहतच नाही, ती आरशात असते.

मी एकोणीस वर्षांची आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी ही पुस्तकं लिहितात त्यातलीच. मला कोणी 'द पोएट एक्स'बद्दल का बोलत नाहीये? एलिझाबेथ ॲसेवेडो, २०१८. अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुढच्या वर्षी ब्रिटनचं कार्नेगी पदक, दोन्ही मिळालंय. सगळी कादंबरी कवितांत आहे. न्यूयॉर्कचा हार्लेम भाग, डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेलं घर, सिओमारा नावाची धिप्पाड मुलगी, जी घरात आईशी बोलू शकत नाही म्हणून वहीत लिहिते. आई कट्टर कॅथलिक. तिला स्वतःला नन व्हायचं होतं. घरच्यांनी अमेरिकेला जायचं तिकीट म्हणून लग्न लावून दिलं. म्हणजे देवाशी लग्न करायचं होतं ते राहिलं, आणि तो राहिलेला देव ती मुलीवर लादते.

मुलगी मुलाचं चुंबन घेताना दिसली म्हणून आई तिला तांदळाच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवते. आणि नंतर वही सापडते. ती जाळते. वही जळत असताना आई बायबलची वचनं ओरडतेय आणि मुलगी तोंडपाठ कविता ओरडतेय, दोघी एकाच वेळी. हे पान वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून गच्चीत जाऊन आले.

आणि मग शेवट. पाद्री मध्यस्थी करतात, बोलणी होतात, आई मुलीच्या कवितावाचनाला येऊन बसते. सॉरी, मला नाही पटलं. वही जळाली ती जळाली. मला त्या शेवटाचा राग आला, कारण आमच्यासारख्या मुली तो वाचून वाट बघत बसतात की आपलीही आई एक दिवस कार्यक्रमाला येईल.

धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर: इथे आजीचं गुपित नाही, तरी पळवाट आहेच.

---

तिरफळ

काजवा, तुझं म्हणणं समजतंय, पण शेवट मला इतका गोड नाही वाटला. आई येऊन बसते, बदलते असं कुठे म्हटलंय? पाद्री मध्ये आहेत हेच बघ. आईला मुलीचं ऐकायला तिच्याच चौकटीतला माणूस लागतो, मुलगी पुरत नाही. ॲसेवेडोने ते लपवलेलं नाही. शिवाय वही परत मिळत नाही. लेखिकेला मिळवून देता आली असती, एखादी प्रत मित्राकडे निघाली असती वगैरे. तिने तसं केलं नाही.

---

काजवा

हं. वहीचं पटलं. बाकीवर ठाम आहे.

---

हडसनकाठची

न्यूजर्सीतून. आमच्या लेकीने शाळेच्या यादीतून आणलेलं एक पुस्तक सुचवते, मिताली पर्किन्सचं 'यू ब्रिंग द डिस्टंट नियर', २०१७. बंगाली दास कुटुंब, सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या क्वीन्सला येतं. आई राणी, मुली तारा आणि सोनिया, आणि पुढे त्यांच्या मुली, म्हणजे तीन पिढ्या एकाच पुस्तकात. तारा पुढे मुंबईला सिनेमात जाते, त्यामुळे तिची मुलगी मुंबईत वाढून मग अमेरिकेत येते, हे आमच्या घरात विशेष आवडलं.

सोनिया सावळी. आई सारखी तिच्या रंगाच्या मागे. इथल्या कितीजणींनी हळद-बेसन चोळून घेतलंय ते हात वर करा. मग सोनिया कृष्णवर्णीय मुलाशी लग्न करते आणि आई संबंध तोडते. नात झाल्यावर हळूहळू गाडी रुळावर येते.

पण मला जे लागलं ते वेगळंच आहे. आजी झालेली राणी नातीबरोबर जी वागते, हसते, तिचं सगळं ऐकते, ते बघताना मुलीला काय वाटत असेल? ही बाई होती कुठे, मी लहान असताना? दुधापेक्षा दुधावरची साय, हे आजीच्या बाजूने म्हणायला ठीक आहे. दुधाला कोणी विचारलं नाही. माझी आई इथे सहा महिने राहायला येते तेव्हा माझ्या मुलीला गणिताच्या पेपरात कमी पडले तर म्हणते, असू दे गं, जीव मोठा की गुण. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी असते. तोंडात येतं ते बोलत नाही.

आणि इथल्या आयांचं अजून एक. आपण ज्या साली देश सोडला त्या सालचे नियम आपल्याजवळ राहतात. पुण्यातली माझी वहिनी मुलीला ट्रेकला रात्रभर पाठवते, मी इथे मैत्रिणीकडे झोपायला जाऊ देताना दहा प्रश्न विचारते. पर्किन्सची राणी, सांचेझची आई, ॲसेवेडोची आई, तिघींचंही हेच आहे. गाव पुढे गेलं, त्यांच्या डोक्यातलं गाव होतं तिथेच थांबलं.

---

नर्मदाकाठ

हडसनकाठची, तुझ्या आईच्या वतीने मी उत्तर देते, कारण मीही तीच आजी आहे. मुलीच्या वेळी आम्हाला भीती होती. हिचं नीट झालं नाही तर सासू, नवरा, दीर सगळे मला विचारतील ही भीती. नातीच्या वेळी मला कोणी विचारणार नाही. त्यामुळे आता माया मोकळी सुटते. हे अन्यायाचं आहे हे मला कळतं. मुलीला तसं बोलून दाखवलंय का? नाही.

---

घाटावरचा

नर्मदाताई, हे वाचून मी श्यामच्या आईवरची माझी टीप जरा आवरती घेतो.

अवांतर: 'टर्निंग रेड' नावाचा २०२२ चा चित्रपट मुलीबरोबर पाहिला होता. पुस्तक नाही, पण विषय हाच. टोरोंटोतली चिनी कुटुंबातली तेरा वर्षांची मुलगी चिडली की मोठ्ठा लाल पांडा होते. आई, आजी, सगळ्यांच्यात ते आहे. शेवटी बांबूच्या वनात मुलीला आई भेटते, तिच्याच वयाची, आपल्या आईला दुखावलं म्हणून रडणारी. मुलगी तिचा हात धरून तिला पुढे नेते. माझी मुलगी ढसाढसा रडली. मग मला म्हणाली, बाबा, तुम्ही पॉपकॉर्न आणा.

---

शेवंता_वाचते

घाटावरचे, हे मी लिहिलेल्या साच्याचं सगळ्यात देखणं रूप आहे. फरक एवढा, की तिथे मुलगी आईला समजून घेते आणि तरी स्वतःचा पांडा ठेवते. आईने, आजीने तो काढून टाकलेला असतो. समजून घेतलं पण ऐकलं नाही. हे मला चालतं.

---

वाचनवेल्हाळ

मराठीत असं काही नाही, असा सूर लागतोय तो थोडा खोडतो. किशोर साहित्य म्हणून छापलेलं कमी आहे हे मान्य. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, मी त्यावरच वाढलो. साहस होतं, विज्ञान होतं, गमती होत्या. चिडलेली मुलगी मात्र मला त्यात भेटल्याचं आठवत नाही. पण सतरा-अठराव्या वर्षी आपण कुठे किशोर विभागात शोधतो? मोठ्यांच्या कपाटातलं चोरून वाचतो. शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर' वाचा. रीटा थोरली मुलगी, घरातल्यांची पोटं तिच्या पगारावर, आणि आईबाप आपल्या साहेबी तोऱ्यात. ती कोसळून रुग्णालयात पोचते तिथून मागचं सगळं उलगडत जातं. तिच्या आईला लेखिका कसलीही सवलत देत नाही. कोणी आजी येऊन सारवासारव करत नाही.

आत्मचरित्रं घेतली तर उर्मिला पवारांचं 'आयदान'. वडील गेल्यावर आई बांबूच्या टोपल्या विणत बसलेली असते, त्यावर घर चालतं. त्या आईकडे मायेने जवळ घ्यायला सवडच नाही. आणि पुढे लेखिका स्वतः आई होते तेव्हा मुलींशी तिचं कसं होतं, तेही तिने झाकून ठेवलेलं नाही. या धाग्याला हवी ती तिसरी पिढी तिथे आहे.

जात्यावरच्या ओव्यांतही मायलेकी भरपूर आहेत, पण तिथे लेक सासरी आणि आई दूर, त्यामुळे सगळी ओढच. भांडायला दोघी एका घरात हव्यात. मुलींची लग्नं बारा-तेराव्या वर्षी होत होती तेव्हा आईशी भांडायचं वय सासूशी भांडण्यात जायचं. मायलेकींचं हे भांडण मुली शिकायला लागल्या, लग्नं विशीच्या पुढे गेली, तेव्हापासूनचं आहे असं माझं मत.

---

तिरफळ

वाचनवेल्हाळ, शेवटच्या परिच्छेदावर स्वतंत्र धागा काढा. कृपया.

---

काजवा

'आयदान' मिळवते.

सवलत न देणाऱ्या आईवरून आठवलं. जॅनेट फिचचं 'व्हाइट ओलिअँडर', १९९९. लॉस एंजेलिस. आई कवयित्री, सुंदर, आणि सोडून गेलेल्या प्रियकराला विष घालून मारते. तुरुंगात जाते. मुलगी ॲस्ट्रिड एका पालक-घरातून दुसऱ्यात फिरत राहते आणि आई तुरुंगातून पत्रं लिहीत राहते, अप्रतिम, विषारी पत्रं. मी ही पत्रं वाचताना आईच्या बाजूची होत होते, इतकी ती सुंदर आहेत. मग लक्षात आलं की ॲस्ट्रिडचंही तेच होतंय, आणि म्हणूनच तिला सुटता येत नाही. आई वाईट वागते म्हणून सोडून जाणं सोपं असतं हो. आई वाईट वागते आणि तिच्याइतकं छान दुसरं कोणी बोलत नाही, तेव्हा काय करायचं?

शेवंताताई, तुमच्या प्रश्नाला आता नीट उत्तर देते. आजीची गोष्ट मला हवी आहे. आईला काय झालं होतं ते मला माहीत हवंच. पण ती गोष्ट आईने स्वतः सांगावी, मावशीने नाही, मी मरता मरता वाचल्यावर तर नाहीच नाही. ज्युलियाला कोणीतरी दुसरंच सांगतं. सांगण्याचं काम परत एकदा आई टाळते, आणि समजून घ्यायचं काम परत एकदा मुलीचं.

---

नर्मदाकाठ

काजवा, काही गोष्टी मुलीला तोंडाने सांगता येत नाहीत गं. बलात्काराची गोष्ट कोणती आई पंधरा वर्षांच्या पोरीला जेवताना सांगेल? दुसऱ्या कोणी सांगितली तर ती सुटका दोघींची असते. तुला राग येईल, पण मी त्या आईच्या बाजूने आहे.

---

काजवा

राग नाही येत, आजी. पण मग खोली उचकू नये. सांगायचं नाही आणि विचारायचं मात्र सगळं, हे दोन्ही एकदम नाही चालत.

---

ग्रंथपालीण

शाळेच्या वाचनालयात काम करते, त्यामुळे जरा रुक्ष सूचना. या यादीतलं पुस्तक घरी आणणार असाल तर आधी स्वतः वाचा. सांचेझच्या पुस्तकात स्वतःला इजा करून घेणं आणि आत्महत्येचा प्रयत्न आहे, बलात्काराचा उल्लेख आहे. पंधराच्या आत मी देत नाही, आणि नंतरही ज्या मुलीचं आधीच काही बिनसलंय तिला एकटीला वाचायला देत नाही, आधी बोलते. पर्किन्सचं बारा-तेरापासून निर्धास्त द्या. 'पोएट एक्स' नववी-दहावीला, आणि कविता आहेत म्हणून ज्या मुली जाड पुस्तकाला हात लावत नाहीत त्याही संपवतात, हा अनुभव आहे. एका मुलीने परत करताना विचारलं होतं, मॅडम, हे आईला दिलं तर चालेल का. नेलं. आईने वाचलं की नाही माहीत नाही, पुस्तक मात्र दोनदा मुदत वाढवून घेतलं.

'व्हाइट ओलिअँडर' आमच्याकडे ठेवलेलं नाही. काजवा, ते कॉलेजच्या वयाचं आहे, दहावीच्या मुली हा धागा वाचून मागायला आल्या तर मी तुझं नाव सांगणार आहे.